जू टाकणारा ट्रॅक्टर

आमच्या ट्रॅक्टरच्या गिअरच्या दांड्याला कासरा बांधलेला असायचा. बैल विकून तीन वर्षं झाली होती, गोठ्यात एक म्हैस आणि कोंबड्यांची डालगी उरली होती, पण कासरा अजून कामात होता. त्याचं एक टोक दांड्याच्या गोट्याखाली फासानं अडकवलेलं, दुसरं सीटखालच्या बोल्टाला. दुसरा गिअर टाकायचा, कासरा ताणून बांधायचा आणि मग क्लच सोडायचा. गिअर बदलायचा झाला की आधी गाठ सोडायची. कुणी हसलं तर तात्या म्हणायचे, "जनावर वढाळ असलं की बांधायलाच लागतं."

वढाळपणाच्या वेळाही ठरलेल्या होत्या. मऊ रानात फणणी करताना दिवसभर काही व्हायचं नाही. उसानं भरलेली ट्रॉली ओढ्याच्या चढाला लागली की दांडा खाडकन मधोमध यायचा, इंजिन मोकळं होऊन ओरडायचं आणि ट्रॉली ट्रॅक्टरला मागं खेचायला लागायची. मी चौदा-पंधरा वर्षांचा. हातात धोंडा घेऊन ट्रॉलीच्या मागं चालायचं आणि इंजिनाचा आवाज बदलला की चाकाला उटी लावायची, हे माझं काम. आज ते आठवलं की पोटात गोळा येतो. तेव्हा तो खेळ होता.

ट्रॅक्टर कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण कंपनीचा त्यात काही दोष नव्हता. तिसऱ्या हातानं घेतलेला तो गडी आमच्याकडे आला तेव्हाच म्हातारा होता. एका हंगामात कासरा तुटला, दुसरा बांधला, तोही तुटला. तेव्हा कुठं तात्यांनी मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री आले, बराच वेळ त्या कासऱ्याकडं बघत उभे राहिले, आणि गिअरविषयी अवाक्षर न काढता त्यांनी विचारलं, "बैल जू टाकाय लागला तर काय करतासा? जुपणी आवळतासा, का खांदा बघतासा?"

तात्या गप्प. जू टाकणाऱ्या बैलाचा खांदा आलेला असतो हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"ह्यो गिअर सुटत न्हाई," मिस्त्री म्हणाले. "त्येला कोणतरी ढकलतंय. कोण ढकलतंय तेवढं हुडकायचं. बाकी समदं पान्याचं काम."

पुढं मी ट्रॅक्टर दुरुस्तीच्याच धंद्यात पडलो. गिअर निसटतो म्हणून आलेले ट्रॅक्टर किती उघडले याचा हिशेब ठेवला नाही, पण त्या वाक्याला धरून चाललो तेव्हा सहसा चुकलो नाही आणि ते विसरलो तेव्हा दोनदा पेटी उघडावी लागली. हे पुस्तक त्या वाक्यावरच उभं आहे. वाचणारा जुन्या ट्रॅक्टरचा मालक असेल, आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा कोर्स करणारा पोरगा असेल, किंवा गावातला असा फिटर असेल ज्याला इंजिन येतं पण गिअरपेटीची भीती वाटते. तिघांसाठीही पेटीचं झाकण उघडण्याआधी थोडं बोलायला हवं, म्हणून ही प्रस्तावना लांबली आहे.

गिअर निसटतो म्हणजे नेमकं काय होतं? जुन्या ट्रॅक्टरच्या पेटीत एकमेकांना समांतर शाफ्ट असतात. त्यांतल्या एकावर लांबीनं खाचा पाडलेल्या असतात आणि त्या खाचांवरून गिअर पुढं-मागं सरकतो. तो सरकवायला एक दुबेळकं असतं. कारखान्याच्या भाषेत फोर्क, मिस्त्रींच्या तोंडी फोरक. फोर्क एका गोल दांडीवर पक्का केलेला असतो आणि आपण हातातला दांडा हलवला की ही आतली दांडी सरकते. तिच्यावर ठरावीक अंतरावर वाटीसारखे खळगे असतात. स्प्रिंगनं दाबलेली एक पोलादी गोळी त्या खळग्यात बसते आणि 'टक्' असा आवाज येतो. तो 'टक्' म्हणजे गिअर जागेवर बसल्याची खूण.

या गोळीविषयी फार मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं की गिअर धरून ठेवायचं काम तिचं. वीस-पंचवीस हॉर्सपॉवरचा जोर ही हरभऱ्याएवढी नाहीतर फार तर बोराएवढी गोळी कशी धरून ठेवणार? ती फक्त खूण दाखवते आणि धक्क्यानं गिअर हलू देत नाही. गिअर जागेवर राहतो तो दात्यांच्या सरळपणामुळं. दाता शाफ्टला अगदी समांतर असेल तर समोरच्या दात्याचा दाब त्याला फक्त फिरवतो, बाजूला सरकवत नाही. तिथं गोळी काढून टाकली तरी चांगला गिअर सपाट रानात बराच वेळ तग धरतो. उलट दाता जरा जरी तिरका झिजला, तर त्याची पाचर होते. लाकडावर पाचर मारली की घाव वरून बसतो आणि लाकूड बाजूला फाटतं, तसंच इथं होतं. फिरवणाऱ्या जोराचा एक भाग आडवा वळतो आणि गिअरला शाफ्टवरून बाहेर ढकलायला लागतो. आणि जितका भार जास्त, तितकं हे ढकलणं जास्त. म्हणून आमचा ट्रॅक्टर मऊ रानात शहाण्यासारखा वागायचा आणि चढाला मात्र माज दाखवायचा.

गिअर निसटतो म्हणून कडक स्प्रिंग घालणाऱ्यांनी एवढंच समजून घ्यावं. स्प्रिंग मोडली असेल, बसून आखूड झाली असेल, तर ती बदललीच पाहिजे, आणि दहातल्या एखाद्या वेळी तेवढ्यानं काम भागतंही. पण दोन स्प्रिंगा एकात एक घालणं, स्प्रिंगखाली वायसर टाकून ती ताठ करणं, हे सगळं जुपणी आवळणं आहे. दांडा दगडासारखा जड होतो, आणि पाचर आपलं काम करतच राहते.

दाता तिरका का झिजतो? इथं आपल्या वापराचा भाग येतो, आणि तो थोडा कडू आहे. जुना ट्रॅक्टर बांधला गेला तो शेतासाठी. उभ्या ट्रॅक्टरला गिअर टाकायचा, तास धरायचं, तासाच्या शेवटपर्यंत तोच गिअर. चालता चालता गिअर बदलायची कल्पना त्यात नव्हतीच, म्हणून दात्यांचा वेग जुळवून देणारी कडी, जी मोटारीत असते, ती या पेट्यांत नसते. आपण मात्र त्याच ट्रॅक्टरला वर्षातला मोठा काळ हमरस्त्यावर पळवतो. ऊस, वाळू, वीट, मुरूम, लग्नाचं वऱ्हाड. चालत्या ट्रॅक्टरला अर्ध्या क्लचवर गिअर टाकला की 'खर्रर्र' होतं. त्या प्रत्येक खरखरीत दात्याच्या टोकाचा पोलादाचा कण जातो. गिअरच्या दात्यांना वरून कडक थर दिलेला असतो, साधारण एक मिलिमीटरचा. तो आहे तोवर दाता झिजायला वर्षं लागतात. तो गेला की आत मऊ पोलाद आहे आणि मग झीज घोड्यावर बसते.

मग दुसरा दोष पहिल्याच्या पाठीवर चढतो. ड्रायव्हरला सवय असते हात दांड्यावर टेकून ठेवायची. हाताचं ते वजन दांड्यातून फोर्कवर जातं, आणि फोर्कचं टोक फिरत्या गिअरच्या खोबणीत सतत घासत राहतं. एक-दोन मिलिमीटर घासलं, की दांडा जागेवर आला तरी गिअर पुरता आत जात नाही. दाता तेवढा कमी शिरला, की आत शिरलेल्या भागावरच सगळा भार येतो, तो भाग दबतो, तिथं पायरी पडते, पायरीची पाचर होते. पाचर गिअरला ढकलते, गिअर फोर्कला ढकलतो, फोर्क आणखी झिजतो. आणि गिअर निसटायला लागला म्हणून ड्रायव्हर दांडा आणखी घट्ट धरून बसतो. ज्या हातानं रोग आणला त्याच हातानं औषध चाललेलं असतं.

पण दाता नेहमीच चोर नसतो. बेअरिंग खाल्लेलं असेल, शाफ्टच्या खोबणीत बसणारी लॉकची कडी तुटली असेल, बाजूच्या वायसर झिजल्या असतील, तर गिअर शाफ्टवर जागच्या जागी राहतो आणि शाफ्टच त्याला घेऊन पुढं-मागं चालायला लागतो. मागं जाताना गिअर जोडीदारापासून दूर जातो. बाहेरून दिसतं तेच, दांडा उडाला. हा झोल डोळ्याला दिसत नाही. एक दशांश मिलिमीटर म्हणजे लेथवाल्याच्या भाषेत चार थाउ, वहीच्या एका कागदाची जाडी. असे आठ-दहा कागद साचले की ट्रॅक्टर चढाला दगा देतो.

इथं काही ट्रॅक्टरांमध्ये एक वेगळाच खेळ असतो. गिअरपेटीचा मागचा शाफ्ट टोकाला स्वतःच पिनियन बनतो आणि मोठ्या क्राऊन चाकाला फिरवतो. पिनियनचे दाते वळणदार असतात, त्यामुळं शाफ्टवर लांबीच्या दिशेनं जोर येतो. ट्रॅक्टर ओढत असताना तो एका दिशेला असतो, आणि उतारावर चाकं इंजिनाला फिरवायला लागली की उलट्या दिशेला. त्या शाफ्टच्या बेअरिंगचं नट ढिलं असेल तर चढ संपून उतार सुरू होण्याच्या नेमक्या क्षणी शाफ्ट धक्का देऊन सरकतो. "घाटमाथ्यावरच सुटतो, भूत हाय," असं मला एकानं सांगितलं होतं. भूत नव्हतं, नट होतं. पिनियन आणि क्राऊन यांची जुळणी बाभळीखाली बसून करायचं काम नाही, एवढं मात्र आत्ताच सांगतो. त्यासाठी डायल गेज लागतो, शिमचा संच लागतो, आणि ते रोज करणारा हात लागतो. या पुस्तकात तो भाग मुद्दामच दिलेला नाही.

म्हणून पहिलं काम पाना उचलण्याचं नाही, ट्रॅक्टर चालवून बघण्याचं. कुठला गिअर निसटतो? एकच निसटत असेल तर त्या गिअरचे दाते आणि त्याचा खळगा बघायचा. एका दांडीवरचे दोन्ही निसटत असतील तर दांडी आणि फोर्क. सगळेच निसटत असतील तर बहुतेक वेळा गिअर बिचारे निर्दोष असतात आणि हाय-लोचा, म्हणजे जलद-मंद गती निवडायचा, छोटा दांडा आपली जागा सोडत असतो. हे इतक्या वेळा पाहिलंय की सांगताना हसू येतं. मोठा दांडा जागेवर, ट्रॅक्टर मात्र उभा, आणि चार माणसं गिअरपेटी फोडायच्या गोष्टी करतायत. मोठा दांडा जागच्या जागी राहून ओढ गेली, तर आधी हाय-लो बघा, मग फोर्कचा स्क्रू. हा स्क्रू तारेनं बांधलेला असतो. मागच्या वेळी पेटी उघडणाऱ्यानं तार घालायचा आळस केलेला असू शकतो.

मग भार बदलून बघायचं. ओढताना निसटतो की उतारावर? ओढताना दात्याची एक बाजू काम करते, उतारावर दुसरी, म्हणून फक्त उतारावर निसटणाऱ्या गिअरचे दाते समोरून छान दिसतात आणि फिटर फसतो. आणि शेवटची परीक्षा हाताची. सपाट, मोकळ्या रस्त्यावर, रिकाम्या ट्रॉलीनिशी, दांडा एका बोटानं अलगद धरून ठेवा. तेवढ्यानं गिअर राहत असेल तर गोळी, स्प्रिंग किंवा खळगा यांच्यातच काहीतरी आहे. दांडा तळहाताला ठोसा मारत असेल तर आत पाचर झाली आहे. एवढ्या तपासानं निम्मं निदान झाकण न उघडता होतं. उरलेलं निम्मं तेल सांगतं, त्याकडं येतोच.

त्याआधी उताराविषयी. भरली ट्रॉली, ट्रॉलीला ब्रेक नाही किंवा नावापुरता, आणि गिअर सुटला. अशा वेळी माणूस सवयीनं दांड्याशी झटायला लागतो. चालत्या ट्रॅक्टरला या पेटीत गिअर बसत नाही, वेग मात्र वाढत जातो, आणि दांड्याशी झटताना रस्त्यावरची नजर जाते. दांडा सोडून द्यायचा, दोन्ही ब्रेक एकदम, आणि ट्रॅक्टर डोंगराच्या अंगाला. हे दोन्ही ब्रेक 'एकदम' लागायचे असतील तर त्यांची पायडलं जोडणारी पट्टी रस्त्यावर येतानाच लावलेली हवी. शेतात वळायला डावा-उजवा ब्रेक वेगळा लागतो म्हणून ती पट्टी काढलेली असते, आणि बांधावरून रस्त्यावर आल्यावर ती लावायचं निम्म्या लोकांच्या लक्षात नसतं. एकच ब्रेक लागला की ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो आणि ट्रॉली त्याच्यावर चढते. गिअर निसटतो हे माहीत असलेला ट्रॅक्टर दुरुस्त होईपर्यंत ओझ्यानिशी रस्त्यावर काढूच नये. ऊस फडात राहतो, कारखान्याची चिठ्ठी वाया जाते, मुकादम ओरडतो, हे सगळं मला ठाऊक आहे.

आता ट्रॅक्टर कुठला, यावर थोडं. आपल्याकडं जे जुने ट्रॅक्टर अजून चालतायत त्यांचं मूळ बहुधा सातासमुद्रापलीकडचं. इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्र आणि व्होल्टास यांनी १९६३ साली एकत्र येऊन कंपनी काढली आणि १९६५ साली मुंबईत कांदिवलीच्या कारखान्यातून बी-२७५ हा ट्रॅक्टर बाहेर पडू लागला. मूळ विलायती, पुढं आठ गिअर, मागं दोन. मद्रासच्या टॅफेची स्थापना १९६० ची. तिनं आणलेलं मॅसी फर्ग्युसनचं घराणं हॅरी फर्ग्युसनच्या कल्पनेतून आलेलं. त्या घराण्यातल्या फर्ग्युसन ३५ मध्ये पेटीत गिअर तीनच, पण पेटीच्या मागं ग्रहमालेसारखी फिरणारी चाकांची जुळणी असते. ती गती चौपट कमी करते, म्हणून तीनाचे सहा होतात. पिंजोरच्या एचएमटीनं १९७१ पासून काढलेले ट्रॅक्टर मात्र चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचे नातलग.

हा इतिहास मिरवायला सांगत नाही. विलायती वंशाच्या ट्रॅक्टरला इंची पाने लागतात, झेटरच्या वंशाला मिलिमीटरचे. अर्ध्या इंचाच्या नटावर तेराचा पाना 'जवळजवळ' बसतो, आणि त्या जवळजवळपणात गिअरपेटीच्या किती बोल्टांची डोकी गोल झाली असतील ते देव जाणे. बी-२७५ वर शिकलेला मिस्त्री एचएमटीची पेटी उघडताना पहिल्यांदा पान्यांची पेटी बदलतो, त्याचं कारण हे.

आणखी एक वारसा आहे. १९१७ साली आलेल्या हेन्री फोर्डच्या फोर्डसन ट्रॅक्टरपासून चासीची चौकट गेली. इंजिन, गिअरपेटी आणि मागचं घर हे तीन ओतीव तुकडे एकमेकांना बोल्टांनी जोडायचे, आणि तोच ट्रॅक्टरचा कणा. स्वस्त आणि मजबूत, यात शंका नाही. पण याचा अर्थ असा की गिअरपेटी ही ट्रॅक्टरच्या आत ठेवलेली वस्तू नाही, ती ट्रॅक्टरची कंबर आहे. मोटारीची पेटी खाली उतरवतात. ट्रॅक्टरची पेटी सोडवायची तर ट्रॅक्टरचेच दोन तुकडे करावे लागतात.

या तुकड्यांची भीती वाटणं रास्त आहे. पण त्या भीतीपोटी लोक दहा-दहा वर्षं कासरा बांधून हिंडतात. खरं तर पुष्कळ ट्रॅक्टरांत वरचं झाकण काढलं की फोर्क, दांड्या आणि दात्यांचा वरचा भाग दिसतो. काहींवर स्टेअरिंगचा डबाच पेटीच्या डोक्यावर बसवलेला असतो, तो आधी काढावा लागतो. आतल्या दांड्या बाहेर ओढताना गोळीच्या भोकावर फडकं धरायचं. स्प्रिंगनं दाबलेली गोळी बंदुकीसारखी सुटते. माझी पहिली गोळी गोठ्याच्या दिशेनं गेली आणि मी संध्याकाळपर्यंत शेण चिवडत बसलो. दोन दांड्यांच्या मध्ये आणखी एक छोटी पिन किंवा गोळी असते, ती तर पुष्कळांना ठाऊकच नसते. एकावेळी दोन गिअर पडू नयेत म्हणून ती असते. जोडताना ती घालायची राहिली तर सगळं छान चालतं, आणि एक दिवस दोन गिअर एकदम पडून ट्रॅक्टर जागेवर आवळला जातो.

झाकणातून काम भागलं नाही तरच कंबर सोडवायची. त्याचे टप्पे पुढं सविस्तर येतील, पण एक गोष्ट इथंच सांगून टाकतो कारण ती विसरल्यानं माणसं दबली आहेत. ट्रॅक्टरचा पुढचा आस मध्यावर एका पिनेवर डुलतो. ट्रॅक्टर अखंड असताना मागच्या दोन चाकांमुळं तो उभा राहतो. मधून तोडला की पुढचा अर्धा, म्हणजे सगळं इंजिन, त्या एका पिनेवर तोललेलं असतं आणि कुठल्याही बाजूला कलंडू शकतं. म्हणून सोडवण्याआधी आस आणि इंजिनाची पुढची बैठक यांच्या मध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकायच्या. त्याआधी बॅटरीची तार काढायची. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. त्याच्यावर भरवसा न ठेवता खाली लाकडाचे जाड ओंडके आडवे-उभे रचायचे. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे कधीही नाही. ते दबताना आवाज देत नाहीत, एकदम फुटतात.

तेल सोडण्यातही शहाणपण आहे. ट्रॅक्टर थोडा चालवून गरम असताना तेल स्वच्छ घमेल्यात सोडा आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा. फडक्यावर काय उरतं ते सोनाराच्या नजरेनं बघा. बोटाला लागणारी काळी भुकटी प्रत्येक म्हाताऱ्या पेटीत निघते. चमकणाऱ्या पातळ खपल्या म्हणजे दात्यांचा कडक थर सुटला. पिवळसर कण म्हणजे पितळी बूश किंवा बाजूच्या वायसर. तुटलेल्या कडीचा तुकडा सापडला तर देवाला नारळ फोडा, कारण काम थोडक्यात होणार. दुधासारखं तेल म्हणजे पाणी शिरलंय, बहुधा दांड्याच्या फाटक्या रबरातून, आणि बेअरिंगं का खाल्ली गेली याचं उत्तर तिथंच मिळतं. फर्ग्युसनच्या घराण्यात गिअरपेटी, मागचं घर आणि हायड्रॉलिक या तिघांचं तेल एकच असतं. तिथं दात्याचा कण फक्त पेटीत राहत नाही, तो लिफ्टच्या पंपाकडं जातो. नांगर उचलत नाही म्हणून पंप बदलायचा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तोच पंप, यामागं कित्येकदा गिअर असतो.

जुना ट्रॅक्टर विकणारे याच तेलाचा उलटा उपयोग करतात. घट्ट तेल, त्यात ग्रीस, म्हणजे पेटीचा आवाज दबतो. घेणारा कान देऊन ऐकतो आणि फसतो. त्यानं कान न देता ट्रॉली जोडून चढ मागावा.

नवे भाग घालताना पुन्हा बैलांकडं यावं लागतं. म्हाताऱ्या बैलाबरोबर नवा खोंड जुंपला तर औत सरळ चालत नाही. झिजलेल्या गिअरसमोर नवा गिअर बसवला, तर जुन्याची पाचर नव्याला ढकलतच राहते आणि दोन हंगामांत नव्याचीही पाचर करते. बदलायची तर जोडी बदलायची. पैसे जास्त लागतात हे खरं. भंगारवाल्याकडून घ्यायचं तरी जोडीच घ्यावी, एकाच पेटीतून निघालेली, आणि दाते बोटानं चाचपून. दात्याच्या टोकाला बोट अडलं पाहिजे. बोट सहज घसरलं तर ती वस्तू भंगारातच शोभते.

दात्यावर वेल्डिंग चढवून ग्राइंडरनं आकार देणारे कारागीर आहेत, आणि त्यांचा हात बघत राहावा असा असतो. तरी मी ते काम सुचवत नाही. वेल्डिंगच्या आचेनं आजूबाजूच्या दात्यांचा पाणी दिलेला थर उतरतो, आणि चढवलेला धातू कधी ठिसूळ निघतो. फोर्कची गोष्ट वेगळी. त्याच्या झिजलेल्या टोकांवर पितळ चढवून, लेथवर घासून, मूळ जाडीला आणता येतं आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. वाकलेला फोर्क मात्र ऐरणीवर ठोकून सरळ करू नका. तो सरळ दिसतो, असत नाही.

आणि क्लच. सगळं नवं घातलं आणि क्लच पुरता सुटत नसेल, तर पहिल्या दिवसापासून दाते पुन्हा खरखरायला लागतील. पायडलाची मोकळी चाल मॅन्युअलमध्ये दिलेली असते ती मोजून लावायची, पायाच्या अंदाजानं नाही.

या पुस्तकाचा क्रम मी ट्रॅक्टर उघडण्याच्या क्रमानंच ठेवला आहे. आधी चालवून बघणं, मग तेल, मग बाहेरचा दांडा आणि त्याचं गोळ्याचं टोक, मग झाकण, मग दांड्या आणि फोर्क, आणि अगदी शेवटी कंबर सोडवणं. पुष्कळांचं काम निम्म्या पुस्तकात संपेल, तसं व्हावं अशीच मांडणी आहे. चित्रं हातानं काढलेली आहेत. काळे डाग तेलाचे आहेत, छपाईचे नाहीत.

आमच्या ट्रॅक्टरचं निदान मिस्त्रींनी एका संध्याकाळी केलं आणि काम उन्हाळ्यात, कारखान्याचा पट्टा पडल्यावर, पाच दिवसांत उरकलं. दुसऱ्या गिअरची जोडी, एक फोर्क, एक बेअरिंग. स्प्रिंग जुनीच राहू दिली. सहाव्या दिवशी खताची ट्रॉली भरून ओढ्याच्या चढाला गेलो. मी सवयीनं धोंडा घेऊन मागं. मिस्त्री मडगार्डवर बसलेले. चढाच्या मध्यावर ते ओरडले, "तात्या, हात काढा." तात्यांनी हात काढला. दांडा होता तिथंच राहिला, ट्रॅक्टर धापा टाकत वर गेला.

कासरा पुढं म्हशीला बांधला. तात्यांचा हात मात्र पुढचे दोन हंगाम चढ लागला की आपोआप दांड्यावर जायचा, आणि मडगार्डवर मी बसलेला असलो तर मी तो उचलून त्यांच्या मांडीवर ठेवायचो.